सुळा वाट चुकतो तेव्हा

बाळाचा पहिला दात दिसला की घरात आनंद होतो. सहाव्या-सातव्या वर्षी पहिला दुधाचा दात हलू लागला की त्याचेही कौतुक होते आणि पडलेला दात कौलांवर फेकण्यासाठी आजोबा नातवाला घेऊन अंगणात उतरतात. पुढे मात्र हे लक्ष हळूहळू उडते. मूल नऊ-दहा वर्षांचे झाले की शाळा, शिकवणी आणि परीक्षा ह्यांच्या धांदलीत त्याच्या तोंडात डोकावून पाहण्याचे कोणाला सुचत नाही. नेमक्या ह्याच वयात, कोणाच्या दृष्टीस न पडता, वरचे दोन कायमचे सुळे आपल्या जागेकडे निघालेले असतात. बहुतेक मुलांत ते सुखरूप पोहोचतात. शंभरांपैकी एखाद-दोन मुलांत ते वाट चुकतात व हाडातच अडकून राहतात. हे वेळेवर कसे ओळखावे, त्याविषयी आज लिहावयाचे आहे.

प्रथम नावाविषयी थोडे. पटाशीच्या चार दातांच्या दोन्ही बाजूंस जो अणकुचीदार दात असतो, तो सुळा. आपल्या वाचकांपैकी अनेकांना दंतवैद्याशी घरच्या भाषेत बोलता येत नाही, म्हणून हेही सांगून ठेवतो की, बडोद्याकडे गुजरातीत ह्यालाच राक्षी दात म्हणतात, बेळगावच्या बाजूस कन्नडमध्ये कोरेहल्लु, हैदराबादेत तेलुगूमध्ये कोरपन्नु, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या शाळांतील हिंदी पुस्तकांत रदनक. नाव कोणतेही घेतले तरी दात तोच, आणि त्याची मोजणीही सोपी आहे. वरच्या जबड्याच्या मध्यापासून बाजूस मोजत गेल्यास तिसरा.

ह्या दाताला एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. सुळ्याचे मूळ सर्व दातांत लांब असते. तोंडाच्या कोपऱ्यावर उभा राहून तो वरच्या ओठाला आधार देतो आणि खालचा जबडा बाजूला सरकतो तेव्हा त्याच्या हालचालीला दिशा देतो. म्हातारपणी इतर दात गेले तरी सुळे टिकून राहिलेले आपण पाहतो, ते ह्या भक्कम मुळामुळे. असा दात सहजासहजी गमावू नये.

आता त्याच्या प्रवासाकडे वळू. वरच्या कायमच्या सुळ्याची घडण मूल चार-पाच महिन्यांचे असतानाच सुरू होते. तेव्हा त्याचे स्थान नाकपुडीच्या बाजूस, डोळ्याच्या खोबणीखाली, जबड्याच्या हाडात फार उंचावर असते. सहा-सात वर्षांपर्यंत त्याचा माथा, म्हणजे पुढे तोंडात दिसणारा भाग, पूर्ण तयार होतो आणि मग तो खाली उतरू लागतो. पाचव्या ते पंधराव्या वर्षाच्या दरम्यान हा दात सुमारे २२ मिलिमीटर अंतर कापतो, असे मोजमापांवरून आढळले आहे. इतका लांब आणि इतका वळणाचा प्रवास दुसऱ्या कोणत्याही दाताच्या वाट्याला येत नाही. शिवाय तो पोहोचतो उशिरा, साधारणपणे ११ ते १२ ह्या वयात आणि मुलींमध्ये काही महिने आधी. तोवर पटाशीचे दात व पुढची उपदाढ आपापल्या जागी येऊन बसलेले असतात. खालचा सुळा नवव्या-दहाव्या वर्षीच येतो आणि तो अडकण्याचे प्रमाण वरच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे, म्हणून त्याचा विचार येथे करीत नाही.

हा सुळा उतरताना शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाला धरून खाली येतो. विहिरीत उतरणारा माणूस दोराला धरून उतरतो तसे म्हणा. मग हा शेजारचा दात, म्हणजे मध्यापासून दुसरा, जन्मतःच नसेल, किंवा खुंटीसारखा बारीक व आखूड मुळाचा असेल, तर सुळ्याला धरावयास दोर राहत नाही आणि तो आतल्या बाजूस, टाळूकडे, सरकतो. काही शास्त्रज्ञ ह्यात आनुवंशिकतेलाही महत्त्व देतात, कारण एकाच घरात आईचा, मावशीचा आणि भाचीचा सुळा अडकलेला सापडतो. मुलींमध्ये हा दोष मुलांच्या सुमारे दुप्पट आढळतो. बहुधा एकाच बाजूचा सुळा चुकतो. दोन्ही बाजूंचे चुकल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी आहेत.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. अनेक पालक असे धरून चालतात की, जबडा लहान आणि दात मोठे असले, दाटी झाली, तरच दात अडकतो. आमच्या मुलाच्या दातांत तर फटी आहेत, तेव्हा काळजीचे कारण नाही, असे ते म्हणतात. दाटीमुळे सुळा बाहेरच्या, ओठाच्या बाजूस ढकलला जातो हे खरे. तो वर चढून बसलेला दिसतो आणि काही घरांत त्या दातावरच्या दाताचे कौतुकही होते. तो निदान दिसतो तरी. टाळूकडे वळणारा सुळा मात्र जागा मुबलक असतानाही वळतो, आणि वरच्या अडकलेल्या सुळ्यांपैकी बहुसंख्य टाळूकडचेच असतात. म्हणून जागा आहे एवढ्यावरून निश्चिंत होणे बरोबर नाही.

ह्याच्या उलट एक गोष्ट अशी आहे की, जिची पालकांना विनाकारण भीती वाटते. सात ते अकरा ह्या वयात पुष्कळ मुलांचे वरचे पटाशीचे दात पंख्याच्या पात्यांसारखे फाकलेले दिसतात व मधल्या दोन दातांत फट असते. गोंडस मूल एकाएकी विद्रूप दिसू लागले म्हणून आई घाबरते आणि तारा बसवण्याचा आग्रह धरते. उतरणारे सुळे पटाशीच्या दातांच्या मुळांवर दाब देत असतात, त्यामुळे हे दात फाकतात. सुळे खाली आले की फट बहुधा आपोआप मिटते. तेथे घाई करू नये. पण बाराव्या-तेराव्या वर्षीही दात तसेच फाकलेले असतील आणि सुळ्यांचा पत्ता नसेल, तर तीच खूण वेगळा अर्थ सांगू लागते.

आता घरी काय पाहावे? मूल नऊ वर्षांचे झाले की वर्षातून एकदा, दहाव्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी, हात स्वच्छ धुऊन मुलाला उजेडात समोर बसवावे. वरचा ओठ हलकेच उचलावा. तर्जनीचे टोक दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडी व ओठ ह्यांच्यामधल्या खोबणीत ठेवावे आणि पुढे-मागे सावकाश फिरवावे. सुळा योग्य वाटेवर असेल तर तेथे वाटाण्याएवढा, हाडासारखा टणक उंचवटा बोटाला लागतो. दुसऱ्या बाजूसही तसेच करावे. दोन्ही बाजूंची तुलना ही ह्या तपासणीतील खरी महत्त्वाची गोष्ट आहे. उंचवटा दोन्हीकडे सारखा लागला तर आनंद आहे. एका बाजूस लागतो आणि दुसऱ्या बाजूस पोकळ किंवा आत दबलेले वाटते, तर मुलाला दंतवैद्याकडे न्यावे. ह्या तपासणीला दोन मिनिटेही लागत नाहीत. मुलाला गुदगुल्या होतात, एवढाच काय तो त्रास.

उंचवटा लागला नाही म्हणून त्याच दिवशी हातपाय गाळू नयेत. स्वीडनमधील एरिक्सन व क्युरोल ह्या दोन दंतशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांची अशीच बोटाने तपासणी केली. त्यांचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. दहाव्या वर्षी सुमारे २९ टक्के मुलांत उंचवटा लागत नव्हता, अकराव्या वर्षी हे प्रमाण अवघ्या ५ टक्क्यांवर आले. ह्याचा अर्थ असा की, दहाव्या वर्षी उंचवटा दोन्ही बाजूंस नसेल तर बहुधा दात मागाहून येत आहेत, एवढेच. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. अकरा पूर्ण होऊनही तो लागत नसेल, तर मात्र घरच्या तपासणीवर विसंबून राहू नये.

बोटाच्या तपासणीखेरीज काही खुणा डोळ्यांना दिसतात. एका बाजूचा सुळा येऊन सहा महिने होऊन गेले, तरी दुसऱ्या बाजूस काही नाही. तेरावे वर्ष लागले तरी दुधाचा सुळा जराही हलत नाही. शेजारचा पटाशीचा दात अकारण तिरपा होत चालला आहे. टाळूवर, पटाशीच्या दातांच्या मागे, टणक फुगवटा दिसतो आहे. ही शेवटची खूण उशिराची होय. ती दिसेपर्यंत थांबणे म्हणजे पुष्कळ काळ हातचा घालवणे. दुखणे ही खूण मी मुद्दामच घेतलेली नाही, कारण अडकलेला सुळा बहुधा मुळीच दुखत नाही.

आणि ह्या न दुखण्यातच खरा धोका आहे. वाट चुकलेला सुळा नुसता अडकून बसत नाही. कधीकधी तो शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर जाऊन टेकतो आणि ते मूळ झिजू लागते. ह्याच दोघा शास्त्रज्ञांनी पुढे, २००० साली, वाट चुकलेल्या सुळ्यांच्या मुलांची संगणकीय क्ष-किरण यंत्राने तपासणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या मुलांत पटाशीच्या एखाद्या दाताचे मूळ कमी-अधिक झिजलेले आढळले. साध्या क्ष-किरण चित्रात ह्यांतील पुष्कळशी झीज दिसतही नव्हती. सर्वांचेच दात त्यामुळे जातात असे नाही. झीज थोडी असेल आणि सुळा तेथून वेळीच दूर झाला तर ती थांबते व दात टिकतो. पण एखाद्या मुलीचा पुढचा निरोगी, किडीचा ठिपकाही नसलेला दात चौदाव्या वर्षी हलू लागतो आणि तोवर घरात कोणाला काही कळलेले नसते, हे फार वाईट वाटते.

ह्या संदर्भात बडोद्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी तेरा वर्षांची आहे. उजवा सुळा वर्षापूर्वी आला. डाव्या बाजूस दुधाचा दात अजून घट्ट आहे. दंतवैद्यांनी तो काढण्यास सांगितले आहे. सासूबाई म्हणतात, इतका घट्ट, चांगला दात कशाला काढावा. नवा यायचा असेल तेव्हा जुना आपसूक पडेल. शिवाय वरचा दात काढला की डोळे अधू होतात, अशी त्यांना भीती वाटते.

सासूबाईंच्या दोन्ही शंका पुष्कळ घरांत ऐकू येतात, म्हणून त्यांना आदराने उत्तर दिले पाहिजे. दुधाचा दात आपसूक पडतो तो कशामुळे? खालून, वरच्या जबड्याच्या बाबतीत वरून, कायमचा दात जवळ येऊ लागला की दुधाच्या दाताचे मूळ हळूहळू विरघळते. मूळ गेले की दात हलतो व पडतो. पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ नसते, ते ह्यामुळेच. कायमचा सुळा दुसऱ्याच दिशेने गेला असेल, तर दुधाच्या दाताचे मूळ शाबूत राहते. तेव्हा तेराव्या वर्षीचा हा घट्टपणा आरोग्याचे लक्षण नसून मागचा दात आलाच नाही ह्याची सूचना असू शकतो.

डोळ्यांविषयीची भीती जुनी आहे आणि आपल्याकडे सर्व प्रांतांत आढळते. वरच्या दातांची संवेदना मेंदूपासून निघणाऱ्या पाचव्या चेतेच्या फांद्यांकडून जाते आणि दृष्टी ही दुसऱ्या चेतेचे काम आहे. ह्या दोन्ही चेता वेगळ्या आहेत. दात काढल्याने दृष्टी जात नाही. चाळिशीच्या सुमारास अनेकांचे दात काढावे लागतात आणि त्याच सुमारास चष्माही लागतो. दोन गोष्टी एकदम घडल्या की माणूस त्यांची गाठ घालतो. ही समजूत निरुपद्रवी असती तर मी तिच्या वाटेस गेलो नसतो. पण तिच्यापायी दुधाचा एक दात काढण्याचे वर्ष-दोन वर्षे लांबणीवर पडते, आणि ह्या दुखण्यात तीच दोन वर्षे मोलाची असतात.

ती का मोलाची, हे आता सांगतो. दहा ते तेरा ह्या वयात, कायमचा सुळा टाळूकडे वळू लागला आहे असे क्ष-किरण चित्रात दिसले, तर पुष्कळदा नुसता दुधाचा सुळा काढून टाकल्याने वाट मोकळी होते आणि कायमचा दात आपली दिशा सुधारून घेतो. एरिक्सन व क्युरोल ह्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा ४६ सुळ्यांपैकी ३६ सुळे सरळ वाटेला लागले. त्यातही भेद होता. सुळ्याचा माथा शेजारच्या दाताच्या मुळाच्या मध्यरेषेपर्यंत पोहोचला नव्हता तेथे ९१ टक्के यश आले. ती रेषा ओलांडलेल्या सुळ्यांत ते ६४ टक्क्यांवर उतरले. त्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी दुधाचा दात न काढलेली मुले नव्हती, हा एक उणेपणा खरा. पुढे तशा तुलना झाल्या आणि फायदा स्पष्ट दिसला, तरी यशाचे प्रमाण थोडे कमी भरले आणि दात न काढताही काही सुळे आपण होऊन उतरलेले आढळले. म्हणून दुधाचा दात काढला की काम झाले असे कोणी समजू नये. पण दोन-चार मिनिटांच्या, इंजेक्शनची भूल देऊन होणाऱ्या ह्या साध्या उपायाने पुढचे मोठे उपचार अनेक मुलांचे टळतात. दात काढल्यावर सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने चित्र काढून सुळा कितपत हलला ते पाहतात. वर्षभरात सुधारणा नसेल तर पुढील विचार करावा लागतो.

तो पुढील उपचार असा. हिरडी उघडून लपलेल्या सुळ्याचा माथा मोकळा करतात, त्यावर लहानशी कडी चिकटवतात, आणि बाकीच्या दातांवर तारा बसवून त्या कडीच्या आधाराने दात हळूहळू ओढून जागेवर आणतात. हे उत्तम उपचार आहेत आणि त्यांनी हजारो मुलांचे सुळे जागी आले आहेत. पण त्यांना दीड-दोन वर्षे सहज लागतात, कधी अधिकही, आणि खर्चही बराच येतो. वय जितके वाढावे तितका दात हाडाला चिकटून बसण्याचा संभव वाढतो. काहींच्या बाबतीत शेवटी अडकलेला दात काढूनच टाकावा लागतो. मुलगी कॉलेजात गेल्यावर, किंवा लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्यावर तिच्या दातांकडे प्रथम लक्ष देणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हाही काही करता येत नाही असे नाही, पण सोप्या उपायाचे वय मागे पडलेले असते.

बडोद्याच्या भगिनींना माझे सांगणे एवढेच की, मुलीचे क्ष-किरण चित्र झाले नसेल तर प्रथम ते करवून घ्यावे आणि त्यात सुळा कोठे आहे हे दंतवैद्यांकडून समजावून घ्यावे. तेरावे वर्ष ही सोप्या उपायाची कड आहे. सुळा फार दूर गेला नसेल तर दुधाचा दात काढण्याचा सल्ला योग्यच होय. तो फार आडवा असेल, तर दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांना, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्टना, आताच दाखवावे. सासूबाईंनाही बरोबर न्यावे. आपल्या डोळ्यांनी चित्र पाहिले की त्यांचा विरोध मावळेल, असे मला वाटते.

चित्राविषयी आणखी एक खुलासा. दंतवैद्य कधी एकाच जागेची दोन चित्रे काढण्यास सांगतात आणि पालकांना वाटते की, पहिले बिघडले असावे किंवा बिल वाढवण्याची ही युक्ती आहे. तसे नसते. एका सपाट चित्रात दात उजवीकडे आहे की डावीकडे हे कळते, पण ओठाच्या बाजूस आहे की टाळूच्या, हे कळत नाही. डोळ्यांसमोर एकामागे एक दोन बोटे धरावीत, एक डोळा मिटावा आणि मान थोडी उजवीकडे न्यावी. मागचे बोट पुढच्याच्या मानाने उजवीकडे सरकल्यासारखे दिसते. क्ष-किरणांची नळी थोडी सरकवून दुसरे चित्र घेतले की नेमके हेच घडते. सुळा नळीच्याच दिशेने सरकलेला दिसला तर तो टाळूकडे आहे, उलट दिशेने दिसला तर ओठाकडे. ही रीत क्लार्क ह्यांनी १९१० साली मांडली आणि ती आजही रोजच्या वापरात आहे. ह्या लहान चित्रांतील किरणांचे प्रमाण अत्यल्प असते. त्रिमिती चित्रात ते अधिक असते, तेव्हा ते सरसकट न काढता शेजारच्या मुळाला धोका वाटत असेल, किंवा शस्त्रक्रियेचा बेत ठरवावयाचा असेल, तेव्हाच काढावे.

खाजगी खर्च झेपत नसेल तर इंदूर, हैदराबाद आणि गोव्यात बांबोळी येथे शासकीय दंतमहाविद्यालये आहेत. तेथे बालदंतविभाग व दात सरळ करण्याचा विभाग अशी दोन्ही सोय एका छताखाली मिळते. रांगेत वेळ जातो, सकाळी लवकर पोहोचावे लागते, पण तपासणी काळजीपूर्वक होते. जाताना मुलाची जुनी चित्रे असतील तर ती बरोबर न्यावीत. त्यांच्यामुळे सुळा गेल्या वर्षी कोठे होता व आज कोठे आहे, ह्याची तुलना होते आणि कदाचित नवे चित्र काढावेच लागत नाही.

ह्या विषयावर ज्यांना पत्र लिहावयाचे असेल त्यांनी मुलाचे वय वर्षे व महिने असे दोन्ही लिहावे. वरच्या दातांपैकी दुधाचे कोणते उरले आहेत, मध्यापासून दुसरा दात आकाराने नेहमीसारखा आहे की बारीक, बोटाने तपासले असता कोणत्या बाजूस काय लागले, आणि घरात आणखी कोणाचा सुळा आला नव्हता काय, हेही कळवावे. एवढी माहिती असली की उत्तर देणे सोपे जाते.